क्लच दाबला, तरी गिअर पडत नाही? बिघाड कुठे आहे ते असं ओळखा

संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवरून परत निघताना तुम्ही रिव्हर्स टाकता, तर गिअर कर्रर्र करतो आणि पेडल पोकळ लागतं. उद्या याच गाडीने आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचंय. जावं का? आधी हे तपासा.

हायड्रॉलिक क्लच चालतो कसा?
यात केबल नसते. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळीतून ब्रेक ऑइल ढकलतो. त्या दाबाने गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल खाली जातं, पण क्लच पूर्ण सुटत नाही.

काय तपासायचं?
1. टाकीतली पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. पातळी भराभर उतरत असेल तर गळती आहे आणि धोका ब्रेकलाही आहे.
2. पेडल चार-पाच वेळा दाबा. त्यानंतर गिअर पडला तर हवा किंवा गळतीचा संशय घ्या.
3. पेडलच्या मागे ओल दिसली तर मास्टर, गिअरबॉक्सखाली दिसली तर स्लेव्ह सिलिंडर. काही गाड्यांत स्लेव्ह आतच असतो, मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो.
4. गळती नाही, पण दाबून धरलेला क्लच हळूहळू धरू लागतो? मास्टरचं आतलं सील गेलेलं असू शकतं.
5. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो? मग बहुधा क्लच प्लेट झिजली आहे.

दमट हवेत जास्त काळजी
ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. शिवाय आतून गंज धरतो. म्हणून ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार वापरा. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबरी सील फुगतात.

पेडल पंप करून गिअर पडतोय, म्हणून घाटात जाऊ नका. ती दुरुस्ती नाही, इशारा आहे. आधी मेकॅनिककडून गळती बंद करून घ्या, नळीतली हवा काढून घ्या, मगच निघा.