घरपोच शुश्रूषा आणि गुमास्ता

आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या शुश्रूषागृहाला (नर्सिंग होमला) १९४९ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे ही नोंदणी मुंबई महापालिका करते. जागा आणि नोंदवह्या तपासण्याचा अधिकारही तिला आहे. घरी आया पाठवणारा ब्यूरो असाच तपासलेला असतो, हा समज मात्र बरोबर नाही. त्याच्याकडचा गुमास्ता ही केवळ आस्थापना कायद्याखालची नोंद. खाणावळीच्या गुमास्त्यावरून तिथल्या स्वयंपाकघराची स्वच्छता कळत नाही, तसेच हे. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे पडताळता येते. आयांसाठी अशी परिषद नाही. ही उणीव गंभीर आहे. घरपोच सेवांच्या नोंदणीची तरतूद असलेले २०१९ चे ज्येष्ठ नागरिकविषयक सुधारणा विधेयक २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्द झाले.