स्थिरांक म्हणजे नेमके काय? (१६७४ ते ६१७४)



सातवीला वर्तुळाचा परीघ शिकवताना मी मुलांना ताट, डबा, बांगडी आणि दोरा दिला. परीघ मोजायचा, व्यासाने भागायचे. कुणाचे ३.१ आले, कुणाचे ३.२. एका मुलीच्या ३.२ वर मी सवयीने फुली मारली, "२२/७ पाहिजे" म्हणालो.

घरी आल्यावर लक्षात आले की चूक माझीच. तिने मोजले होते, मी पाठ केले होते. आणि २२/७ तरी कुठे अचूक आहे? ती पायची जवळची किंमत. खरी गंमत अशी की बांगडी लहान, ताट मोठे, तरी सगळ्यांची उत्तरे तीनच्या थोडी पुढेच थांबत होती. बाकीचे बदलले तरी जे बदलत नाही, तो स्थिरांक. हेच सांगायचे राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आधी ती फुली खोडली. मग एक खेळ घेतला.

आपल्या महाड तालुक्यातल्या रायगडावर शिवराज्याभिषेक झाला ते वर्ष १६७४. त्यातले अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजा करा:

७६४१ – १४६७ = ६१७४

आता चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वर्ष, १९२७. तीच कृती पुन्हा पुन्हा करा:

९७२१ – १२७९ = ८४४२
८४४२ – २४४८ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

पुन्हा ६१७४! मुले ओरडलीच. १६७४ चे अंक तेच असणे हा निव्वळ योगायोग, हे मात्र मुलांना सांगा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो शोधणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिक्षक होते. आपल्यासारखेच!

तेवढ्यात एकाने ११११ घेतले. उत्तर शून्य. म्हणजे अट आली: चारही अंक सारखे नकोत. तीन अंकी संख्या घेतली तर ६१७४ नाही, ४९५ येते.

विज्ञानातही अट विचारावीच लागते. "पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते" हे आपण घोकून घेतो. महाडात ते जवळजवळ खरे आहे. पण पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला गेलात, तर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळते. १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा. उलट निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, महाडातून मोजा नाहीतर चंद्रावरून, तोच येतो.

म्हणून स्थिरांक शिकवताना दोन प्रश्न जरूर विचारा: काय बदलले तरी हे बदलत नाही? आणि कोणत्या अटीवर? पालकहो, आज घरी मुलांना त्यांच्या जन्मवर्षाने हा खेळ करू द्या. किती पायऱ्या लागल्या ते त्यांनाच मोजू द्या. आणि उत्तर चुकले तर फुली मारण्याआधी ते कसे काढले, तेवढे विचारा.