देवाशी अबोला

"सणासुदीला देवाला दोष देणारा लेख कसला लिहिता?" असे आमच्या घरातून मला विचारण्यात आले. विचारणारीच्या एका हातात झारा होता आणि कढईत चकली होती, तेव्हा वाद घालण्याची ती वेळ नव्हती. उत्तर द्यायचे तर आत्याची गोष्ट काढावी लागली असती, आणि ती तिला ठाऊक आहेच. वाचकांना नाही, म्हणून सांगतो.

पण आधी माझा स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. संतवाङ्मयाचा पेपर दरवर्षी माझ्या वाट्याला येतो आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो : संतांनी विठ्ठलाशी केलेल्या भांडणाचे स्वरूप स्पष्ट करा. याचे ठराविक उत्तर असे की, हा 'प्रेमकलह' आहे. लाडके मूल आईवर रुसते, तसा भक्त देवावर रुसतो. रागाच्या पोटी प्रेमच असते. पाच गुणांचे उत्तर! मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले आहे आणि मुलांनी ते इमाने-इतबारे उतरवून घेतले आहे. उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते फार सोयीचे आहे, एवढेच.

जनाबाई विठ्ठलाला एकेरीवर येऊन हाका मारते, त्याला शिव्या घालते, त्याची बायको विधवा झाली असे म्हणण्यापर्यंत तिची मजल जाते. तुकोबा एका ठिकाणी, देव आपल्यापुरता संपला, अशी निर्वाणीची भाषा बोलतात. ही भाषा रुसलेल्या मुलाची आहे काय? जो माणूस आपल्या घरी पाव्हणा आला असता त्याला आपण 'प्रेमकलह' म्हणून चहा पाजला नसता, त्याच्या शब्दांना आपण अभ्यासक्रमात घालून गोड करून टाकले आहे.

आता आत्या. ती सोलापूरची; आमच्याच वाड्यात मागल्या सोप्याला राहायची. ऐन तारुण्यात कपाळ पांढरे झालेले, एकुलता एक मुलगा. तो डी. एड. होऊन उमरगा तालुक्यातील एका खेड्यात शाळामास्तर म्हणून लागला, तेव्हा तिने अख्ख्या वाड्याला पेढे वाटले होते. त्यानंतर चौदा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे लोक गणपती बोळवून, थकून झोपी गेले होते. आमच्या फडताळातली भांडीही त्या पहाटे वाजली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आणि मांजर शिरले असेल म्हणून पुन्हा झोपलो. वडील दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने तिकडे गेले. परत आले ते एकटेच आले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांत आमचा एक.

तेराव्यानंतर एके दिवशी आत्याने आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे बसली, आणि विठोबा-रखुमाई, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा अशा सगळ्या पितळी मूर्ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. आदळआपट नाही की रडणे नाही. आईने विचारले तेव्हा म्हणाली, "माझा अबोला आहे."

समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली होतीच. प्रत्येकाजवळ काही ना काही समजूत तयार होती. कोणी म्हणाले प्रारब्ध, कोणी म्हणाले गेल्या जन्मीचे देणे फेडायला आला होता, फेडून गेला. निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ तर म्हणाले, "देवालाही चांगली माणसे लवकर हवी असतात, ताई." आत्याने त्यांच्याकडे बघितले आणि अगदी शांतपणे विचारले, "मग तुमचा थोरला अजून कसा राहिला?" गृहस्थ चहा न घेता उठले. आईने नंतर आत्याला रागे भरले, परंतु मला त्या वयातही वाटले की बरोबर झाले. आज तर खात्रीच आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब देवाच्या वतीने मांडून देणारी ही जी वकिली असते, तिचा मला आत्याच्या अबोल्यापेक्षा कितीतरी अधिक राग येतो. देवाला निर्दोष ठरवायचे म्हणून ती बिनदिक्कत मेलेल्यालाच दोषी ठरवते.

तुकोबांच्या आवलीला, म्हणजे जिजाईला, आपण असेच वागवले. पुण्याच्या गुळव्यांची ही मुलगी. पहिली बायको दम्याने आजारी म्हणून तुकोबांना ही दुसरी करून दिलेली. १६३० च्या सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दुकान बुडाले. पुढे घरातली कर्जखते निम्मी भावाला देऊन उरलेली तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, असे सांगतात. ऋणकोंची सुटका झाली हे थोरच! पण संध्याकाळी चूल आवलीला पेटवायची होती. ती विठोबाला शिव्या देई, त्याला काळतोंड्या म्हणे, आणि आपण कीर्तनांतून तिच्यावर तीनशे वर्षे हसत आलो. कजाग बायको म्हटली की आवली! १९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटात गौरीने ही भूमिका केली आहे. हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते, तेव्हा थिएटरात हशा पिकतो. मी हा चित्रपट तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी मला हसू आले नाही. तिच्या बरोबर आजारी पोर होते, ही गोष्ट पहिल्या दोन वेळा माझ्या लक्षातच आली नव्हती.

आवलीच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला विठोबा स्वतः आला, ही कथा सर्वांना माहीत आहे. कथेत एक गोष्ट मला फार आवडते. देवाने तिला आधी माफी मागायला लावले नाही. शिव्या तशाच ठेवून काटा काढला.

तुकोबांच्या त्या दुष्काळाबद्दल एक अधिक सांगितले पाहिजे. पाऊस पडला नाही हे खरे. परंतु त्याच वर्षांत बादशहा शाहजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता आणि त्याच्या फौजा निजामशाही मुलखात फिरत होत्या. पुण्याची राखरांगोळी झाली ती त्याच सुमारास, आणि ती विजापुरी सरदाराने केली. म्हणजे देवाच्या नावावर मांडलेल्या रकमेत माणसांचा वाटा किती, हे कोणीतरी वेगळे काढायला हवे होते. ते काम अभंगांचे नव्हे, मान्य. पण मग ते कोणाचे?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने घातला. आम्ही मुलांची सहल मंगळवेढे-पंढरपूरला नेली होती. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गेला, ते साल १३३८. नामदेवांनी जाऊन हाडे वेचली. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. पंढरपुरी महाद्वाराबाहेर त्यांची समाधी आहे. तिच्यापाशी उभा राहून मी नेहमीप्रमाणे प्रेमकलहावर बोलत होतो. ही मुलगी म्हणाली, "सर, भिंत पडली तेव्हा विठोबा कुठं होता ते राहू द्या. भिंतीच्या कामाला यांनाच का लावलं होतं, ते सांगा."

मी सांगितले, वेठबिगार, महारकी, सारे सांगितले. परंतु सांगताना मला चोखोबांचा मुलगा कर्ममेळा आठवला. आपल्या हीन जन्माचे कारण बाप पूर्वजन्मातल्या पापात शोधतो. मुलगा शोधत नाही. तो सरळ देवालाच विचारतो, की आम्हाला असे का केलेस आणि तुला लाज कशी वाटत नाही. बापलेकांच्या या दोन उत्तरांमध्ये सगळे प्रकरण आले. कर्ममेळ्याच्या या रागाला मी पुन्हा प्रेमकलह म्हटलेले नाही. आणि ते महाद्वार अस्पृश्यांसाठी उघडले ते केव्हा? १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षे देवाने ते आपण होऊन उघडले नव्हते. पण बंद तरी कोणी केले होते?

किल्लारीच्या बाबतीतही असाच एक हिशेब आमच्या वाड्यातील एका तरुण इंजिनीअरने मांडला. तो तिकडे पाहणीच्या कामावर गेला होता. आत्यापुढे बसून, काडेपेट्या एकावर एक रचून, त्याने तिला समजावले होते. त्या भागातली घरे दगडमातीची. भिंत दोन-तीन फूट रुंद, पण तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, आणि ते एकमेकांत गुंतवणारे लांब दगड नाहीत. दगड बसवले ते चिखलात. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा थर चढवायचा, तो साचत साचत दोन-दोन फुटांपर्यंत गेलेला. जमीन हलली तेव्हा भिंती फुगून फाटल्या आणि झोपलेल्या माणसांवर माती आली. १९९२ साली ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे लहान धक्के बसतच होते. परंतु नकाशावर हा प्रदेश सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. "म्हणजे आत्या," तो म्हणाला, "माणसं भूकंपानं मरत नाहीत, घरांनी मरतात."

आत्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ती भिंत कुणी बांधली असेल?"

"तिथल्याच गवंड्यानं. शंभर-शंभर वर्षांची घरं ती."

"त्यालाही तेवढंच येत होतं. दगड तिथं फुकट मिळतो. उन्हाळ्यात गार राहतं म्हणायचा माझा मुलगा." ती जरा थांबली. "भिंतीचं समजलं मला. नकाशाचंही समजलं. पण चार वाजता एकाला तरी उठवायचं होतं त्यानं. उठून मोरीवर गेला असता पोरगा. एवढंच."

इंजिनीअर गप्प बसला. मीही आजवर यावर काही सुचवू शकलेलो नाही. भिंतीचा दोष भिंतीला, नकाशाचा नकाशा काढणाऱ्याला, फौजांचा बादशहाला, वेठीचा गावाला असे वाटप करून झाल्यावर जे उरते ते आत्याचे 'एवढंच'. ते कोणाच्या खात्यावर टाकायचे? नास्तिक म्हणेल, खातेच नाही. तो सुटला. आस्तिकाला सुटका नाही. त्याने ते देवाच्या नावावरच मांडले पाहिजे, आणि मांडावे. ते खोडून प्रारब्ध लिहिणे ही मला लबाडी वाटते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशीच अबोला धरता येतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी कोणी अबोला धरीत नाही. पण म्हणून त्या अबोल्याला प्रेम म्हणून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो राग होता. आत्याच्या तोंडून मी वीस वर्षांत देवाचे नाव ऐकले नाही. आषाढीला वारकरी सोलापुरातून जात, तेव्हा ती दार लोटून घेई. मात्र त्यांच्यासाठी पाण्याचा माठ भरून आधीच ओट्यावर ठेवी.

२०१४ साली आत्या गेली. तिचे सामान आवरताना आम्ही देव्हाऱ्याचा पडदा सारला. मूर्तींची तोंडे भिंतीकडेच होती. पण पितळ चिंचेने घासून लख्ख होते. इतकी वर्षे तिने ती रोज घासली असली पाहिजेत. बाळकृष्णाच्या पाठीवरचे कोरीव काम झिजून गुळगुळीत झाले होते.

ते देव आता आमच्या घरी आहेत. आणले त्या दिवशी ते कसे ठेवायचे यावरून आमच्यात थोडी चर्चा झाली. मला वाटत होते तसेच ठेवावेत. पण आई उठली आणि एकेक मूर्ती उचलून तिने आमच्याकडे तोंड करून मांडली.

"वन्संचं भांडण वन्संचं होतं," ती म्हणाली. "माझं निघालं तर माझं मी बघेन."