गाईचं दूध : कुणाच्या पेल्यात, किती?

"कसं गोरंपान, गुटगुटीत झालंय! दृष्ट काढून टाका गं बाळाची!"

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा भावाच्या नातवाला पाहून हे उद्गार माझ्याच तोंडून निघाले होते. आमचं माहेर नाणे मावळात, कामशेतपासून आत. दारात गाय, गोठ्यात तिचं वासरू आणि घरात दीड वर्षाचं बाळ. वसुबारसेचा दिवस होता. संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली. ज्यांचा उपास होता त्या आम्ही बायकांनी रीतीप्रमाणे गाईचं दूध-तूप वर्ज्य केलं. बाळाची बाटली मात्र चालूच होती. सहज म्हणून मोजलं, तर सकाळपासून निजेपर्यंत पाच बाटल्या झाल्या! भाताचा घास पुढे केला की तोंड फिरवायचं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पाहते तो काय, पडवीच्या भिंतीचा पोपडा काढून बाळ माती खात बसलेलं!

मी वहिनींना हाक मारली. त्या हसल्या. "आवो वन्सं, पोरं माती खात्यातच की! जेवत न्हाई तर न्हाई, दूध पितंय न्हवं पोटभर? आन् घरच्या गाईचं हाय, पाकिटाचं न्हाई!"

पण माझं मन काही मानेना. बाळाच्या पापणीची आतली बाजू पाहिली, नखं पाहिली. सगळं पांढरंफटक. आम्ही ज्याला गोरेपणा म्हणत होतो, तो फिकेपणा होता. भाऊबीज होताच सूनबाईला घेऊन मी बाळाला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. या वयाला हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं, ते ७ च्याही आत निघालं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "दूध किती पितो?"

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी चिडल्याच. "गाईच्या दुधानं कुठं रगात कमी व्हतं व्हय?"

वहिनींचा हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकींच्या मनात येईल. एकीकडे 'दूध म्हणजे अमृत' हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. दुसरीकडे हल्ली फोनवर रोज निरोप येतात, की दूध हे विष आहे, माणसाचं अन्नच नव्हे. मग खरं काय मानायचं?

दुधात काय आहे, काय नाही

आधी हिशेब पाहू. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हशीचं दूध याहून दाट. दुधातली प्रथिनं उत्तम प्रतीची. ज्या शाकाहारी घरात डाळ-उसळ जेमतेमच होते, तिथे वाटीभर दूध-दह्याचा मोठा आधार असतो. हाडांना, दातांना लागणारं कॅल्शियम त्यातून सहज मिळतं. तेव्हा दूध विष आहे, या बोलण्यात काही अर्थ नाही.

पण दुधात लोह जवळजवळ नाहीच. १०० ग्रॅमला जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे अर्धा लिटर दूध पोटात गेलं तरी १ मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज लागतं सुमारे ८ मिलिग्रॅम! शिवाय दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, दुधाने पोट भरलेलं मूल जेवतच नाही. आमच्या बाळाचं नेमकं हेच झालं होतं. दूध वाईट नव्हतं. दुधाने बाकीच्या अन्नाची जागा बळकावली होती. माती खाण्याची ओढसुद्धा पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. तेव्हा मुलाला नुसतं रागावू नका, दवाखान्यात न्या.

हे एकट्या आमच्या घरचं दुखणं नाही, बरं का! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. त्याची कारणं अनेक. पण दुधाच्या बाटलीवर वाढणाऱ्या मुलाच्या आईने हे एक कारण ध्यानात ठेवायलाच हवं.

वर्षाच्या आतलं बाळ

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. पाणी नको, मधाचं बोट नको, गाईचं दूधही नको. गाईचं दूध निसर्गाने वासरासाठी केलंय. त्यातली प्रथिनं आणि क्षार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातात. कधी कधी त्याने बाळाच्या आतड्यातून अगदी थोडं थोडं रक्त झिरपतं, ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून काही आज्या दुधात निम्मं पाणी घालतात. त्याने दूध 'हलकं' होतं खरं, पण बाळाचं पोषण निम्म्यावर येतं, आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी नीट उकळलेलं नसेल तर जुलाब लागतात ते वेगळेच.

सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवून मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेली भाजी सुरू करावी. खिरीत चमचा-दोन चमचे दूध गेलं तर बिघडत नाही. मात्र वर्षापर्यंत आईच्या दुधाची जागा गाईच्या दुधाला देऊ नये. आईला दूध नाहीच, अशी अडचण असेल तर शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे, डॉक्टरांना विचारून ठरवावं.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. गाय व्याली की तिचा चीक आपण किती कौतुकाने घेतो! खरवस करतो, शेजारीपाजारी वाटतो. आणि सून बाळंत झाली की तिचा पिवळसर चीक 'बाळाला बाधेल' म्हणून पिळून टाकायला सांगणारी घरं अजूनही आहेत. अहो, वासराला जो चीक हवा, तो आपल्या लेकराला नको का? रोगाशी झुंजायची पहिली ताकद बाळाला त्यातूनच मिळते.

वर्षानंतर गाईचं दूध खुशाल द्या. दिवसाला दोन कप, फार तर ४०० ते ५०० मिलिलिटर. बाटलीतून नव्हे, पेल्यातून. आणि जेवणाआधी नव्हे, जेवणानंतर थोड्या वेळाने.

धारोष्ण दुधाची हौस

आता लोणावळ्याकडे वळू. मुंबई-पुण्याची मंडळी इथे हवा खायला येतात. बंगल्यावर उतरलं की पुष्कळांना वाटतं, गावातून समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यावं, अंगी ताकद येईल. आमच्या गावात एक पाहुणे तर गोठ्यातच पेला घेऊन उभे राहिले होते!

मैत्रिणींनो, ही हौस करू नका. गाय दिसायला कितीही धडधाकट असली तरी कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू माणसात येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये दिवसेंदिवस ताप चढतो-उतरतो, सांधे धरतात. गरोदर बाईला तर त्यापासून गर्भपाताचाही धोका असतो. गोठ्यातल्या शेणाचा, हातांचा, भांड्याचा संसर्ग होतो तो निराळाच. आणि मावळातल्या पावसात गोठा कोरडा ठेवणं किती कठीण असतं, ते गोठा काढणाऱ्या बाईलाच विचारा!

सुटं दूध घरी आलं की गाळून लगेच तापवावं. उकळी आली की आच मंद करून दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवावं, मग झाकून निववावं. फ्रीज नसेल तर थंड पाण्याच्या परातीत पातेलं ठेवावं आणि सकाळचं दूध संध्याकाळी पुन्हा तापवावं. उकळल्याने दुधातला 'सगळा कस जातो' ही समजूत चुकीची आहे. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम आहे तिथेच राहतं.

देशी, जर्सी आणि 'ए-टू'

पूर्वी मावळात गाय पाळायची ती मुख्यतः बैलासाठी. भातखाचरात चिखलणीला काटक, पावसाला न डरणारा बैल हवा. गाय दूध देई ते थोडकंच. पुढे संकरित गाई आल्या. आपल्याच जिल्ह्यात उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली आणि त्या कामातून जर्सी-होल्स्टीन संकराच्या गाई खेडोपाडी पोहोचल्या. दूध वाढलं, घरात चार पैसे आले.

आता शहरात 'देशी गाईचं ए-टू दूध' म्हणून बाटल्या दुप्पट-तिप्पट दराने विकल्या जातात. ए-वन आणि ए-टू ही दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनाची दोन रूपं. ए-वनने मधुमेह, हृदयविकार होतो असा बोलबाला झाला. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली सगळे अभ्यास तपासले, तेव्हा तसा कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही असंच तिला आढळलं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे हे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला! तेव्हा ऐपत असेल, चव आवडत असेल तर जरूर घ्या. पण साधं दूध पाजलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्या जास्तीच्या पैशांत घरी अंडी, डाळ, फळं आणलीत तर मुलांचं अधिक भलं होईल.

सोसत नसेल तर

काहींना दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. दुधातली साखर पचवणारा पाचकरस लहानपणी भरपूर असतो, मोठेपणी पुष्कळांचा कमी होतो. हा काही रोग नव्हे. अशांनी दही-ताक घेऊन पाहावं. विरजणात ती साखर बरीच कमी होते. मात्र दुधाने अंगावर पित्त उठणं, उलट्या होणं किंवा बाळाच्या शीत रक्त दिसणं ही ॲलर्जी असू शकते. तिथे घरगुती उपाय नकोत.

आणि कुणी दूध घेतच नसेल तर? हा वाद आजचा नाही. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात शक्ती भरून येईना, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? आणि १९१९ साली गांधीजींनी ते सुरू केलं. अनुभव असा, की दूध सोडता येतं, पण त्याची भरपाई विचारपूर्वक करावी लागते. आपल्याकडे त्याची सोय आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आहेत, पालेभाज्या आहेत. खाणाऱ्यांसाठी काट्यासकट खायचे सुके मासे आहेत.

मोठ्या माणसांनी किती घ्यावं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दूध-दही मिळून दिवसाला ३०० मिलिलिटर सांगितलंय. वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर साय काढून घ्यावं.

जी दूध काढते, तिचं काय?

शेवटी मनातलं एक सांगते. त्या दिवाळीत मी पाहिलं, सूनबाई पहाटे उठून धार काढी. बहुतेक दूध डेअरीला जाई. राहिलेलं बाळाला, मग सासऱ्यांच्या चहाला. तिच्या वाट्याला कोरा चहा, तोही जेवणावर, जो अन्नातलं लोह अडवतो! बाळाबरोबर तिचंही रक्त तपासलं, तर तेही कमीच निघालं. आधी सांगितलेल्या पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका अशाच रक्तक्षयाच्या आहेत. बाळाच्या पेल्यात दूध जास्त होतं आणि आईच्या पेल्यात मुळीच नव्हतं. एकाच घरात, एकाच गाईचं!

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही लोहाचं औषध दिलं. बाळाची बाटली बंद झाली. दोन कप दूध, आणि मधल्या वेळी नाचणीची लापशी, अंडं, डाळीचं घट्ट वरण, वर लिंबाची फोड. पहिले चार दिवस बाळाने घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी भुकेने आपणहून ताटाशी आलं! तीन महिन्यांनी रक्त ११ च्या जवळ पोहोचलं आणि माती खाणं कधी सुटलं ते कळलंही नाही.

गेल्या वसुबारसेला पुन्हा गेले होते. पूजा आटोपली, रांगोळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दूध तापवलं आणि आधी एक पेला भरून सुनेपुढे ठेवला. "पी आधी. मग डेअरीला घाला," म्हणाल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. "वन्सं, गाय वाईट न्हवती. आमचं मापच चुकलं व्हतं."

मैत्रिणींनो, आज तुमच्या घरी दूध तापेल, तेव्हा ते कुणाच्या पेल्यात किती जातं, ते एकदा पाहाल ना?