फॉरमॅटच्या आधी

सकाळी ९. जुनवानी, भिलाई, साल २००६. कॉलेजची पोरं रस्त्यावर दिसू लागली की मी शटर वर करतो. १९९९ मध्ये श्री शंकराचार्य अभियांत्रिकी महाविद्यालय इथं निघालं आणि हळूहळू भाड्याच्या खोल्यांतून कॉम्प्युटर दिसू लागले. माझ्याकडे येणारं दुखणं बहुतेक वेळा व्हायरसचं, आणि इलाज फॉरमॅट.

१०.३०. स्मृतीनगरच्या काकू रिक्षातून सीपीयू घेऊन आल्या. मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत.
"फोटो तेवढे वाचव रे बाबा."
"वाचवतो. नेट कोण लावतं?"
"लेकानं लावून दिलंय. तो पुण्याला. मला फक्त 'डायल' दाबता येतं."
त्या एका बटणामागची माहिती पुसली गेली, तर लेकाची मेल बंद.

११. आधी लपवलेले फोल्डर दिसते केले. विंडोज एक्सपीमध्ये 'ऑल युजर्स'च्या 'अॅप्लिकेशन डेटा'त मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके असं उतरत गेलं की कनेक्शनची माहिती ठेवणारी फाइल 'रासफोन.पीबीके' सापडते. कनेक्शन एकट्याच्या नावे केलेलं असेल, तर ती त्याच्या फोल्डरमध्ये असते. काही केबींची फाइल, फ्लॉपीत सहज मावते. नोटपॅडमध्ये उघडून पाहिली : नंबर १७२२२२, बीएसएनएलचं संचारनेट. पासवर्ड मात्र या फाइलीत नसतो, आणि स्क्रीनवरचे ठिपके वाचता येत नाहीत. म्हणून काकूंना लेकाला फोन लावायला सांगितलं. पासवर्ड कागदावर उतरला, तेव्हाच फॉरमॅटला हात घातला.

दुपारी ३. एक्सपी बसली. आता क्रम महत्त्वाचा : आधी मोडेमचा ड्रायव्हर, मग फाइल जुन्या जागी. फाइलीत मोडेमचं नाव आणि पोर्ट लिहिलेला असतो. पोर्ट बदलला असेल, तर कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मोडेम पुन्हा निवडावा लागतो.

संध्याकाळी ६. काकूंच्या घरी फोनची वायर मोडेमला जोडली, पासवर्ड भरला. शिट्ट्या, खरखर, आणि जोडणी लागली. लेकाची मेल उघडली.

रात्री ८. एका विद्यार्थ्याचं ब्रॉडबँड. तिथं फोन नंबर फिरवावा लागत नाही, पण युजरनेम-पासवर्डनं जोडायचं ते कनेक्शनही याच फाइलीत राहतं. तीही उचलून ठेवली.

फॉरमॅट करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं : फोटोंबरोबर ही फाइलही घ्या. आणि घरच्यांनो, नेटचा पासवर्ड कागदावर लिहून वीजबिलांच्या फाइलीत ठेवा. तो कॉम्प्युटरच्या भरवशावर सोडू नका.