जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मीटर नको, आधी ईसीयू वाचा

मागच्या वर्षी माझ्या मित्राने सेकंड हँड पोर्शे केमन एस घ्यायचं ठरवलं. 2008 चं मॉडेल, मॅन्युअल गिअरबॉक्स, मीटरवर 38,400 किलोमीटर. पॉलिश अशी, की आरशाची गरज नाही. टोकन द्यायला तो निघालाच होता. मी म्हटलं, "थांब रे, आधी स्कॅनर लावून बघू." त्या एका तासाने त्याचे बरेच लाख वाचले. कसे, ते शेवटी सांगतो. आधी काय बघायचं आणि का, ते समजून घेऊ.

उदाहरण केमनचंच घेतोय, पण यातल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही जुन्या परफॉर्मन्स कारला लागू पडतात.

किलोमीटर कमी, म्हणजे गाडी चांगली?

साध्या हॅचबॅकच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं असतं. स्पोर्ट्स कारचं तसं नाही. 30,000 किलोमीटर पळालेली पण थंड इंजिनावर रोज पिळलेली गाडी, 80,000 किलोमीटर नीट चालवलेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते. मीटर गाडी *किती* चालली ते सांगतो. *कशी* चालली ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर सांगतो. सुदैवाने तो बरंच काही लक्षात ठेवतो.

1. ओव्हर-रेव्ह रिपोर्ट

ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी रेव्ह लिमिटर इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. मग ओव्हर-रेव्ह होतं कसं? समजा, वेगात असताना पाचव्यातून चौथ्यात जायचं होतं आणि चुकून दुसरा गिअर पडला. आता चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात. लिमिटर पेट्रोल बंद करू शकतो, पण चाकांना थांबवू शकत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

या केमनचा ईसीयू अशा घटना सहा रेंजमध्ये नोंदवतो. आकडा सेकंदांचा नसून इग्निशनचा असतो, म्हणजे ठिणगी पडायची वेळ किती वेळा आली त्याचा. इथे थोडं गणित करा. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत तीन इग्निशन करतं. 7,200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या, म्हणजे 360 इग्निशन. त्यामुळे पहिल्या रेंजमध्ये 1,000 आकडा दिसला तर घाबरू नका, ते तीन सेकंदही नाहीत. कुणीतरी लिमिटरपर्यंत गाडी खेचली, एवढाच त्याचा अर्थ.

चिंता चौथ्या ते सहाव्या रेंजची. तिथे आकडा असेल तर शेजारची वेळ बघा. ती घटना इंजिनाच्या कितव्या तासाला झाली, हेही ईसीयू लिहून ठेवतो. घटना 900 व्या तासाला झाली आणि आज इंजिन 2,000 तासांवर ठणठणीत असेल, तर धोका बराच कमी. पाच तासांपूर्वीच झाली असेल, तर सरळ नमस्कार करून निघा.

हा रिपोर्ट ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ओबीडी डोंगलवर दिसत नाही. त्यासाठी पोर्शेचं पीविस किंवा ड्युरामेट्रिकसारखं खास सॉफ्टवेअर लागतं.

2. किलोमीटर भागिले तास

त्याच स्क्रीनवर इंजिनाचे एकूण तास असतात. मीटरवरच्या किलोमीटरला या तासांनी भागा, गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग मिळतो. माझ्या हॅचबॅकचा ट्रिप मीटर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये 22 ते 25 दाखवतो. हायवेवर फिरणाऱ्या गाडीचा आकडा बराच जास्त येईल. उत्तर 10-12 आलं, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या. उलट 80-90 आलं, तर ईसीयू बदलला आहे का, ते विचारा. एकटा हा आकडा पुरावा नव्हे, पण पुढचा प्रश्न कुठला विचारायचा ते तो सांगतो.

3. 'एकही एरर नाही' म्हणजे नेमकं काय?

विकण्याआधी एरर कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. पण पुसल्याची खूण राहते. कोड पुसले की रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, 'अपूर्ण' दिसायला लागतात. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असाही एक आकडा बऱ्याच गाड्या देतात. हे मात्र साध्या डोंगलवरही दिसतं. तिथे 6 किलोमीटर दिसलं, तर काल संध्याकाळी काहीतरी लपवलंय असं समजा. बॅटरी काढली तरी हे आकडे शून्यावर येऊ शकतात, म्हणून आधी विचारा.

4. जे ईसीयूला दिसत नाही

सेन्सर नाही तिथे ईसीयू आंधळा. या गाडीत मोठा मुद्दा बोअर स्कोरिंगचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे पडण्याचा. 2009 च्या नव्या इंजिनाआधीच्या 3.4 लिटर केमन एसमध्ये हा ओळखीचा आजार आहे. त्याच जुन्या इंजिनातलं आयएमएस बेअरिंगही बदनाम आहे. ते तुटलं तर बहुतेकदा इंजिनच जातं. म्हणून दोन गोष्टी कराच. बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा आत सोडून सगळे सहा सिलिंडर बघा. आणि ऑइल फिल्टर कापून त्यात धातूची चमक आहे का ते तपासा.

केमनचं इंजिन सीटच्या मागे असतं. बॉनेट उघडलं तर सामान ठेवायची जागा दिसते. त्यामुळे वरवर बघून काही कळत नाही, गाडी रॅम्पवर चढवावीच लागते. तेव्हाच आपल्या स्पीडब्रेकरनी खालून काय काय खरवडलंय तेही दिसेल.

आणखी काही गोष्टी:

- इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी या.
- टायरवरचे चार आकडे वाचा. 1419 म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सात-आठ वर्षं जुना टायर या वेगाला नको.
- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला. चिखलाची रेघ किंवा कुबट वास म्हणजे पुराचं पाणी.

5. कागद

चॅसिस नंबर गाडीवर आणि आरसीवर एकच हवा. एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विमा बघा. थकलेली चलानंही तपासा. बोजा असेल तर फॉर्म 35, मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 म्हणजे एनओसी, आणि वर इथला रोड टॅक्स. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2008 च्या गाडीचं नूतनीकरण झालंय का, हे विसरू नका.

मग त्या केमनचं काय झालं?

ओव्हर-रेव्ह रिपोर्ट स्वच्छ होता, वरच्या रेंज शून्य. मित्र खूश. मग तास बघितले: 3,310. आता 38,400 भागिले 3,310 म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. विक्रेता म्हणाला, "साहेब, ट्रॅफिकमध्येच जास्त चालली." आम्ही चॅसिस नंबरवरून सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागवायला सांगितल्या. दोन दिवसांनी त्या आल्या. चार वर्षांपूर्वीच गाडी 69,000 च्या पुढे होती. आज ती 76,000 धरली तर सरासरी येते 23. म्हणजे ईसीयू खरं बोलत होता, मीटर खोटं.

गंमत बघा, 76,000 किलोमीटरची ती गाडी कदाचित चांगलीही असेल. रिपोर्ट तर तेच सांगत होता. खरा आकडा आणि त्याप्रमाणे किंमत सांगितली असती, तर मित्राने घेतलीही असती. पण जो मीटर फिरवतो, त्याने आणखी काय काय झाकलं असेल हे शोधत बसायचं नसतं. तपासणीचे काही हजार गेले, टोकन खिशात राहिलं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी स्कॅनर, मग रॅम्प, मग कागद आणि सगळ्यात शेवटी टेस्ट ड्राइव्ह. कारण एकदा ते इंजिन कानामागे गुरगुरायला लागलं, की आपलं डोकं गणित करायचं थांबवतं.