दंडातले बळ, उतारवयातले स्वावलंबन

ज्येष्ठ मंडळी घरात आली की त्यांच्या हातातली पिशवी कोणीतरी पुढे होऊन घेते. पाण्याची कळशी नातू उचलतो, वरच्या फळीवरचा डबा सून काढून देते, खुर्चीतून उठताना मुलगा काखेत हात घालून उभे करतो. या सगळ्यामागे प्रेमच असते. पण काम काढून घेतलेला स्नायू हळूहळू आपले बळ सोडू लागतो, आणि ज्या मदतीची आरंभी गरज नव्हती, तिच्यावाचून पुढे खरोखरच अडू लागते.

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला पहाटे पायी येणारे अनेक ज्येष्ठ आपण पाहतो. चालण्याचे महत्त्व आता घरोघरी पटले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र चालण्याने पाय, हृदय आणि श्वास यांना जेवढा लाभ होतो, तेवढा दंड आणि खांदे यांना होत नाही. त्यांच्या वाट्याला वेगळा व्यायाम यावा लागतो. हल्ली पुण्या-मुंबईत तरुण मंडळी ज्याला ‘बार वर्कआउट’ म्हणतात, त्याचे सौम्य रूप त्यासाठी फार उपयोगी आहे.

हा व्यायाम आला कुठून?

येथे ‘बार’ म्हणजे आडवा दांडा. बॅले या पाश्चात्त्य नृत्याचा सराव करताना नर्तक भिंतीलगतच्या दांड्याला धरून उभे राहतात. जर्मनीतील कोलोन शहरात 1913 मध्ये जन्मलेल्या लोट्टे बेर्क या नर्तकीने पाठीच्या दुखापतीनंतर त्या सरावाची दुखापतीतून सावरण्याच्या व्यायामाशी सांगड घातली आणि 1959 मध्ये लंडनमध्ये वर्ग सुरू केला. दांड्याचा आधार, हलके वजन आणि छोट्या, सावकाश, पुन:पुन्हा केलेल्या हालचाली हे या पद्धतीचे सार होय. उड्या नाहीत, धावणे नाही.

आधार घेऊन व्यायाम करणे आपल्याला नवे नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले. 1975 मध्ये तेथे सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीवरचे दोर, खुर्च्या आणि लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने वयस्क आणि आजारी माणसेही आसने करू लागली. आधार घेणे म्हणजे कमीपणा नव्हे. पडण्याची भीती दूर झाली की शरीर निश्चिंतपणे श्रम करू शकते.

दंड सैल का पडतात?

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. वाढत्या वयातील या स्नायुक्षयाला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. दंडाच्या मागील बाजूचा स्नायू पुढच्या स्नायूपेक्षा मोठा असतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठणे, पलंगावर उठून बसणे, तोल जाताना स्वतःला सावरणे ही सारी कामे मुख्यतः त्याची आहेत. तो झिजला की दंडाखालची त्वचा लोंबू लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ठरावीक जागेचा व्यायाम केल्याने त्या जागेची चरबी वितळत नाही आणि सैल पडलेली त्वचा पूर्ववत घट्टही होत नाही. तेव्हा आरशाकडून फार अपेक्षा ठेवू नका. मिळते ते बळ. आणि ते कोणत्याही वयात मिळते. 1990 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनाचे व्यायाम देण्यात आले. तो प्रयोग पायांच्या स्नायूंवर होता, परंतु त्यांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. स्नायूंचा हा गुण दंडांनाही लागू आहे.

हाताच्या पकडीचेही असेच आहे. भारतासह 17 देशांतील सुमारे 1 लाख 40 हजार लोकांची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. पकडीचे बळ जितके कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक, असे तीत आढळले. केवळ पकड वाढवल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. मात्र हातातले बळ हे एकूण प्रकृतीचे विश्वासार्ह लक्षण आहे.

घरातला दांडा

यासाठी वर्ग लावण्याची गरज नाही. स्वयंपाकघराचा ओटा, भक्कम बसवलेले खिडकीचे ग्रिल किंवा जिन्याचा कठडा हाच आपला दांडा. न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा आणि हात धुण्याचे बेसिन यांवर मात्र कधीही भार देऊ नये, ती निखळतात. प्लास्टिकची किंवा चाकांची खुर्ची वर्ज्य. ओटा आणि फरशी कोरडी असावी. सैल चपला किंवा नुसते मोजे घालून उभे राहू नये.

वजनासाठी पाण्याची बाटली पुरे. अर्ध्या लिटरची बाटली भरली की साधारण अर्धा किलो वजन होते. आरंभी ती अर्धीच भरावी.

पाच हालचाली

प्रथम पाच मिनिटे जागच्या जागी चालावे आणि खांदे हळूहळू गोल फिरवावेत. मग प्रत्येक हालचाल 8 वेळा करावी.

1. भिंत रेटणे : भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत. कोपरे वाकवत छाती भिंतीजवळ न्यावी आणि श्वास सोडत रेटून मागे यावे. हे सोपे वाटू लागले की ओट्याच्या कडेवर हात ठेवून करावे.

2. हात मागे सरळ करणे : डाव्या हाताने ओटा धरावा. उजव्या हातात बाटली घेऊन कोपर कमरेजवळ वाकवलेले ठेवावे. कोपर न हलवता हात मागे सरळ करावा आणि सावकाश परत आणावा. नंतर बाजू बदलावी. दंडाच्या मागील स्नायूसाठी ही हालचाल उत्तम.

3. कोपर वाकवणे : एका हाताने आधार धरून दुसऱ्या हातातील बाटली खांद्याकडे न्यावी. खाली आणताना वर नेण्यापेक्षा अधिक वेळ घ्यावा.

4. छोटी आंदोलने : खुर्चीवर ताठ बसून दोन्ही हात बाजूंना, खांद्यांच्या किंचित खाली राहतील इतके उचलावेत. तेथेच ते दोन बोटांच्या अंतराएवढे वरखाली करावेत. ‘बार’ पद्धतीची खरी ओळख ती हीच. हिच्यासाठी बाटलीची आवश्यकता नाही.

5. खुर्चीवरून उचल : हात असलेली जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तीत बसून खुर्चीचे हात दाबत नितंब दोन-तीन बोटे उचलावेत आणि हळू बसावे. पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पाचांपैकी एकच करणे शक्य असेल तर हे करावे.

एक दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा, पंधरा ते वीस मिनिटे पुरेशी आहेत. दोन आठवड्यांनी 8 ऐवजी 12 वेळा करावे, नंतर दोन फेऱ्या, आणि त्यानंतरच बाटलीतील पाणी वाढवावे. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट जाणवले पाहिजेत. मात्र व्यायाम करताना बोलता येईल इतका श्वास शिल्लक असावा. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते नसा आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. स्नायू भरायला त्याहून अधिक काळ लागतो.

केव्हा थांबावे?

श्वास रोखून जोर लावू नये, त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर अथवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे. त्रास बसूनही ओसरला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. स्नायूंचा ठणका एक-दोन दिवस राहिला तर चिंता नाही. सांध्यातली तीक्ष्ण कळ मात्र थांबण्याची खूण आहे.

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, पक्षाघात, पेसमेकर, नुकतीच झालेली डोळ्यांची किंवा स्तनाची शस्त्रक्रिया असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा विकार अधिक आढळतो. अशांनी वेदना होतील इतका हात उचलू नये. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये.

ताटात काय असावे?

चहा-खारी किंवा दूध-पोळीवर दिवस काढणाऱ्याचे स्नायू केवळ व्यायामाने भरत नाहीत. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1 ग्रॅम प्रथिने मिळावीत. घट्ट वरण, मटकी-हुलग्याची उसळ, पिठले, दही, शेंगदाण्याचा कूट, चालत असल्यास अंडी, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

घरच्यांसाठी

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की उचलण्यापूर्वी थोडे थांबा. आजोबा खुर्चीतून उठत असतील तर जवळ उभे राहा, पण हात लगेच पुढे करू नका. भाजीच्या पिशवीतली कोथिंबीर-मेथी आजीकडे राहू द्या, कांदे-बटाटे तुम्ही घ्या. कणीक मळणे, शेंगा सोलणे, धुतलेले रुमाल पिळून वाळत घालणे ही कामे झेपतील तितकी त्यांच्याकडेच असावीत. व्यायामाच्या वेळी आरंभी कोणीतरी शेजारी असावे. शक्य तर त्यांच्यासोबत तुम्हीही करा.

महिन्यातून एकदा घरीच पाहा : खुर्चीवरून किती सहज उठता येते, भरलेला तांब्या न थरथरता धरता येतो का, बरणीचे झाकण स्वतः उघडते का. दंडाचा घेर मोजण्यापेक्षा ही मोजमापे अधिक मोलाची आहेत.